सारेला विचारलं होतं का?

दाविद राहाबीची कथा आमच्या बेने इस्राएल समाजात लहानपणीच कानावर पडते. परंपरा अशी सांगते, की हा परदेशी ज्यू विद्वान कोकणात आला आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली पाहून त्याच्या मनात शंका आली, ही माणसं आपलीच तर नसतील? खात्री करण्यासाठी त्यानं पुरुषांना धर्मग्रंथ विचारला नाही. तो त्यांच्याकडे नव्हताच. त्यानं बायकांपुढे निरनिराळ्या जातींची मिसळलेली मासळी ठेवली आणि रांधायला सांगितलं. बायकांनी खवले आणि पर असलेली मासळी एका बाजूला काढली आणि बाकीची परत दिली: ही आमच्यात चालत नाही. राहाबीला उत्तर मिळालं. मग त्यानं इथल्या काही तरुणांना हिब्रू शिकवलं, प्रार्थना शिकवल्या, आणि पुढचा सगळा इतिहास त्या शिकलेल्या पुरुषांचा म्हणून लिहिला गेला.

मला या कथेतल्या बायकांपाशी थांबावंसं वाटतं. खवले आणि पर यांचा नियम तोराच्या तिसऱ्या पुस्तकातल्या अकराव्या अध्यायात आहे. शेमिनी नावाच्या पाराशात तो वाचला जातो. ज्या बायकांनी हे पुस्तक कधी पाहिलं नव्हतं, त्यांना मुशी, शिंगाळा, वाम, कोळंबी बाजूला काढायची हे माहीत होतं, आणि ते त्यांना त्यांच्या सासवांनी, आयांनी टोपल्यापाशी बसून शिकवलेलं होतं. आमच्याकडे तोरा आली ती आधी बायकांच्या हातून, असं मी गेली अनेक वर्षं सांगत आले आहे. राहाबीची ही गोष्ट दंतकथा म्हणून सोडून दिली तरी ज्या रीतींचा ती उल्लेख करते त्या खऱ्या होत्या. एकोणिसाव्या शतकात हाइम सॅम्युएल केहिमकरांनी त्यांची नोंद केली आहे. त्यांचं पुस्तक १८९७ मध्ये लिहून झालं आणि १९३७ मध्ये तेल अवीवला छापलं गेलं.

पाराशा म्हणजे काय, ते आधी सांगते. तोराची पाच पुस्तकं वर्षभरात वाचून संपवायची म्हणून त्यांचे चोपन्न भाग केलेले आहेत. दर शब्बाथला, म्हणजे शनिवारी सकाळी, त्या आठवड्याचा भाग सेफेर तोराच्या गुंडाळीतून हिब्रूत मोठ्यानं वाचतात. सिम्हाथ तोरा या सणाच्या दिवशी शेवटचा भाग संपतो आणि त्याच दिवशी पहिला पुन्हा सुरू होतो. जगातल्या सगळ्या ज्यूंचा आठवडा या वाचनानं बांधलेला असतो. न्यूयॉर्कला ज्या शनिवारी योसेफाला खड्ड्यात टाकतात त्याच शनिवारी ठाण्यातही टाकतात.

कोकणात मात्र अनेक शतकं हे वाचन नव्हतं. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, ग्रंथ समुद्रात गेले, अशी आमची आख्यायिका. उरलं ते शेमा इस्राएल हे एक वचन, सुंता, शब्बाथ, मासळीचे आणि मांसाचे नियम, आणि सण. हे सण आमच्या बायकांनी ज्या रूपात जपले ते पाहण्यासारखं आहे. पेसाहला त्या अनशी धाकाचा सण म्हणत. योम किप्पूरला दारफाळणीचा सण म्हणत, कारण त्या दिवशी पांढरे कपडे घालून सगळं घर दारं लावून आत बसे, उपास करी आणि परक्याशी बोलत नसे. दुसऱ्या दिवशी शिळा सण, गोरगरिबांना देण्याचा. जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या दुखवट्याचा दिवस आमच्याकडे बिरड्याचा सण झाला. त्या दिवसांत मांस नाही, वालाचं बिरडं. मांसाबरोबर दूध चालत नाही, म्हणून मटणाच्या रश्शात नारळाचं दूध. शब्बाथच्या किद्दुश या आशीर्वादासाठी द्राक्षारस मिळेना, तर काळ्या मनुका भिजवून त्यांचं सरबत. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत शनिवारचा स्वयंपाक उरकलेला. यातल्या बहुतेक गोष्टी कुठल्या ना कुठल्या पाराशाशी जोडलेल्या आहेत, आणि त्या पाळायच्या म्हणजे रोज काहीतरी ठरवायचं, काय चालेल, काय नाही, अडलं तर पर्याय काय. धर्मशास्त्राचा विचार याहून वेगळा काही असतो असं मला वाटत नाही.

१७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकरांनी मुंबईत मांडवीला पहिलं सिनेगॉग बांधलं. पुढे कोचीनहून हिब्रू जाणणारे शिक्षक आले, कोकणातही सिनेगॉग उभी राहिली: अलिबागला १८४८, पनवेलला १८४९, पेणला १८६३, ठाण्याला १८७९. आता दर शनिवारी पाराशा वाचली जाऊ लागली. पण ती हिब्रूत. बायका माडीवर किंवा मागच्या बाजूला बसत, आणि दहा पुरुष जमल्याशिवाय वाचन सुरू होत नसे. बायकांची त्यात गणती नव्हती. घरात शतकानुशतकं ज्यांनी नियम चालवले त्या आता श्रोत्या झाल्या, तेही न कळणाऱ्या भाषेच्या.

त्यांच्या कामी आली मराठी. त्यात मिशनऱ्यांचा वाटा मोठा आहे आणि तो मान्य केला पाहिजे. अमेरिकन मिशन १८१३ पासून मुंबईत होतं, जॉन विल्सन १८२९ मध्ये आले. त्यांना आम्हांला ख्रिस्ती करायचं होतं. ते फारसं जमलं नाही. पण त्यांनी शाळा काढल्या, मुलींच्याही, आणि त्यांत बेने इस्राएल मुली बसल्या. विल्सननी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं. जुना करार मराठीत छापून आला आणि पहिल्यांदाच आमच्या घरांत अब्राहाम आणि सारा मराठी बोलायला लागले. नंतर आमच्याच लोकांनी हे काम हाती घेतलं. जोसेफ इझिकिएल राजपूरकरांनी प्रार्थनेच्या पुस्तकांची मराठी भाषांतरं केली. १८७४ मध्ये पुण्यात छापलेली एक हग्गादा, म्हणजे पेसाहच्या रात्री वाचायचं पुस्तक, आहे, हिब्रूशेजारी मराठी असलेली. तिच्यातल्या चित्रात पेसाहच्या बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका लुगडं नेसून जमिनीवर बसलेल्या आहेत. मिसरमधून सुटका झालेल्यांच्या कथेत आपल्यासारख्या नेसलेल्या बायका पाहून त्या वेळच्या वाचणारीला काय वाटलं असेल, याचा विचार ते चित्र पाहताना दर वेळी माझ्या मनात येतो.

आणि मग कीर्तन. १८८० मध्ये मुंबईत बेने इस्राएल मंडळींनी कीर्तन सुरू केलं. बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे त्यातलं मोठं नाव. हरदासी कीर्तनाचा सगळा साज घेतला, साकी, दिंडी, ओवी, अभंग, आर्या, हार्मोनियम, तबला, झांजा. आख्यानं मात्र अब्राहामाची, योसेफाची, मोशेची, एस्तेरची. आपल्या शेजाऱ्यांकडून ही रीत उचलताना त्यांना कसलाही संकोच वाटला नाही, आणि मला त्याचा अभिमान आहे. कीर्तनाला बायका येत, ऐकत, घरी जाऊन पदं वहीत उतरवत. या वह्या आमच्या घराघरांतून होत्या. विसाव्या शतकात बायका स्वतः कीर्तनं करू लागल्या, त्याची तयारी या वह्यांनी केली.

माझ्या आजीची वही निळ्या कापडी पुठ्ठ्याची होती. आजी पेणची, लग्न होऊन ठाण्याला आलेली. शाळा चौथीपर्यंत. शनिवारी दुपारी आजोबा सिनेगॉगमधून आले, जेवणं झाली, की ती विचारायची, ‘‘आज काय वाचलं?’’ आजोबांना हिब्रू वाचता येत असे, अर्थ जेमतेम. ते पाराशाचं नाव सांगत. तेवढं तिला पुरे होतं. मराठी पवित्र शास्त्रातली जागा तिला ठाऊक असे आणि वहीतलं पद तिच्या ओठांवर. आम्ही नातवंडं तिच्याभोवती बसायचो. ती आधी पद म्हणायची, मग गोष्ट सांगायची, आणि मग तिला पडलेला प्रश्न. त्या प्रश्नासाठी मी बसायची.

दिवाळीच्या आगेमागे वायेरा येते. त्या पाराशाच्या शेवटी अब्राहाम आपला मुलगा इसहाक याला बळी द्यायला डोंगरावर घेऊन निघतो. पहाटे उठतो, गाढवावर खोगीर घालतो, लाकडं फोडतो. कीर्तनात हा प्रसंग मोठा रंगत असे आणि पदं सगळी अब्राहामाच्या निष्ठेची. आजी पद पूर्ण म्हणायची आणि वही मिटून विचारायची, ‘‘सारेला विचारलं होतं का? पोर कुणाचं? नव्वदाव्या वर्षी झालेलं. पहाटे का निघाला? ती उठायच्या आत निघाला.’’ आणि पुढच्या शनिवारी, हाये सारा वाचली जाते तेव्हा, ‘‘बघ, पहिल्याच ओळीत सारा गेली. मी म्हटलं नव्हतं? तिच्या कानावर गेलं.’’

कॉलेजात असताना मला कळलं, की राशीनं हेच म्हटलं आहे. राशी म्हणजे अकराव्या शतकातला फ्रान्समधल्या त्र्वा गावचा भाष्यकार. ज्यू जगात त्याच्या भाष्याशिवाय तोरा छापली जात नाही म्हटलं तरी चालेल. त्यानं लिहिलं आहे, की साराचा मृत्यू इसहाकाच्या प्रसंगाला लागून येतो, कारण त्या बातमीनंच तिचा प्राण गेला. आजीनं राशीचं नावही ऐकलं नव्हतं. तिनं दोन शनिवार एकापुढे एक ठेवले आणि मधली जागा वाचली. राशीला तिथे पोचवणारी प्राचीन परंपरा होती. आजीजवळ मराठी मजकूर होता आणि स्वतःची गेलेली दोन मुलं होती. दोघं एकाच ठिकाणी पोचले, आणि मी दोघांनाही भाष्यकार म्हणते.

दुसरीकडच्या ज्यू बायकांनीही आपापल्या बोलीतून असाच रस्ता काढला. पूर्व युरोपात यिद्दिशमध्ये ‘त्सेना उरेना’ नावाचं पुस्तक निघालं. त्याची आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी आवृत्ती १६२२ ची. पाराशांच्या क्रमानं लावलेलं, कथा आणि भाष्य एकत्र करून सांगणारं ते पुस्तक शब्बाथच्या दुपारी घराघरांत बायका वाचत. दोनशेहून अधिक आवृत्त्या झाल्या त्याच्या. आणि जेरुसलेमला नेहामा लिबोविट्झ होत्या. रीगात १९०५ मध्ये जन्मल्या, जर्मनीत शिकल्या, १९३० मध्ये पॅलेस्टाइनला आल्या. किब्बुत्झमधून शिकायला आलेल्या काही बायकांचा वर्ग संपला तेव्हा त्यांनी आग्रह धरला, की आम्हांला घरी बसून अभ्यास करता येईल असं काहीतरी पाठवा. १९४२ मध्ये नेहामांनी पाराशावर प्रश्नांचा एक कागद काढून पाठवला. पुढे दर आठवड्याला, १९७१ पर्यंत, असे कागद निघत राहिले. सैनिक, रखवालदार, परिचारिका, रब्बी, कुणीही उत्तरं लिहून पाठवावी आणि नेहामांनी लाल शाईनं तपासून परत करावी. त्या स्वतःला शिक्षिका म्हणवत आणि त्यांच्या थडग्यावरही तेवढंच लिहिलेलं आहे. मी जन्मभर मराठी शिकवलं, म्हणून असेल, मला त्या फार जवळच्या वाटतात. उत्तराआधी प्रश्न, ही त्यांची पद्धत. आजीचीही तीच.

आमच्या समाजात बायकांचं हे विचारणं घराबाहेर, प्रार्थनेच्या जागी नेलं ते डॉ. जेरुशा झिराड यांनी. पुण्याच्या हुजूरपागेत शिकल्या, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात डॉक्टर झाल्या, लंडनला जाऊन १९१९ मध्ये एम.डी. झाल्या. लंडनमध्ये तेव्हा लिली माँटेग्यू काम करत होत्या. त्यांच्या पुढाकारानं १९०२ मध्ये ज्यूइश रिलिजस युनियन निघाली होती. समजेल अशा भाषेत प्रार्थना, स्त्रीपुरुष एकत्र बसणं, बायकांनी प्रवचन करणं. १९१८ मध्ये लिलीबाई स्वतः सिनेगॉगच्या व्यासपीठावरून बोलल्या. झिराडबाईंची त्यांच्याशी ओळख झाली आणि १९२५ मध्ये मुंबईत तशीच ज्यूइश रिलिजस युनियन स्थापन झाली. तिच्यातून पुढे रोदेफ शालोम हे सिनेगॉग उभं राहिलं. त्याच काळात रिबेका रूबेन माझगावच्या इस्राएली शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, १९२२ ते १९५०. मुलींच्या कितीतरी पिढ्यांनी त्यांच्या हाताखाली मराठी आणि हिब्रूही वाचलं.

झिराडबाई १९२८ ते १९४७ कामा हॉस्पिटलच्या प्रमुख होत्या. मुंबईत बाळंतपणात बायका का मरतात याची त्यांनी पद्धतशीर पाहणी केली. १९६६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. शेमोथ ही पाराशा जानेवारीच्या सुमारास येते आणि तिच्यात शिफ्रा आणि पुवा या दोन सुइणी आहेत. फारोनं हुकूम केला, की इब्री बायकांना मुलगा झाला तर जागीच मारा. या दोघींनी मारलं नाही. राजानं जाब विचारला तर सांगितलं, की या बायका आम्ही पोचायच्या आतच बाळंत होतात. मोशेच्या आधी, समुद्र दुभंगण्याच्या आधी, मिसरच्या सुटकेची सुरुवात या दोघींपासून होते. त्यांची नावं तोरानं नोंदवली, त्या फारोचं मात्र नोंदवलं नाही. ही पाराशा आली की मला झिराडबाई आठवतात. देवभक्ती आणि सुईणपण एकाच बाईच्या ठायी असणं त्यांनी मुंबईत दाखवून दिलं.

सगळ्याच पाराशा अशा आनंदानं वाचता येत नाहीत. एलुल महिन्यात, पावसाच्या शेवटी, की तेत्से येते. तिच्यात घटस्फोटाचा नियम आहे, आणि निपुत्रिक विधवेशी दिरानं लग्न करावं किंवा तिला विधिपूर्वक मोकळी करावं हा नियमही. १९४८ नंतर आमची माणसं इस्राएलला गेली, लोद, रामला, बेरशेवा, दिमोना, अश्दोद अशा गावांत वसली. १९६१-६२ मध्ये तिथल्या रब्बींनी आमच्या लग्नांवर प्रश्न उभा केला. कारण असं दिलं, की बेने इस्राएलांना हे दोन नियम शतकानुशतकं ठाऊक नव्हते, तेव्हा त्यांच्या पूर्वजांची लग्नं आणि काडीमोड शास्त्राप्रमाणे झाले असतील कशावरून? विवाह नोंदवताना आईचं कूळ, आजीचं कूळ, मागे जाता येईल तितकं तपासा, असा आदेश निघाला. म्हणजे परीक्षा पुन्हा बायकांचीच. कोकणात आमच्या विधवा शेजारच्या रीतीप्रमाणे सहसा दुसरं लग्न करत नसत, त्यामुळे दिराचा प्रश्न फारसा उठत नसे. त्या संयमाचा हिशेब त्यांच्या नातींकडून मागितला जात होता. आमच्या लोकांनी जेरुसलेमला ठिय्या दिला. ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटनं, म्हणजे तिथल्या संसदेनं, ठराव केला, की बेने इस्राएल हे सर्वार्थानं ज्यू आहेत, आणि रब्बींनाही आदेशातून आमचं नाव काढावं लागलं. माझी आत्या तेव्हा लोदला लग्नाची होती. की तेत्से वाचली जाते त्या शनिवारी ती आजही सिनेगॉगला जात नाही, घरी बसून स्तोत्रं म्हणते. तिच्या त्या न जाण्यालाही मी एक भाष्यच मानते, आणि फार जड मनानं.

इस्राएलला आमच्या बायकांनी मराठी नेली. ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक तिथे निघतं, नवसाच्या मलिद्याच्या ताटापुढे एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याची गाणी होतात, आणि जुन्या वह्यांतली कीर्तनाची पदं बायकांचे गट मिळून म्हणतात. नातवंडांना हिब्रू येते, पण आजीचं पद कळत नाही. तिथे आता उलटा अनुवाद करावा लागतो.

इथे आम्ही थोड्या उरलो आहोत. एके काळी वीस हजारांच्या आसपास असलेला समाज आता चार-पाच हजारांवर आला. पण ठाण्यात आम्ही काही जणी गुरुवारी दुपारी जमतो आणि येत्या शनिवारची पाराशा मराठीत वाचतो. एक वकील आहे, एक बँकेतून निवृत्त झालेली, एक परिचारिका, एक कॉलेजातली मुलगी. मुलीच्या मोबाइलवर हिब्रू, माझ्या मांडीवर जुनं मराठी पवित्र शास्त्र. मोठा वाद होतो तो जुलैमध्ये, पिनहासला. सलाफहादाच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा, मोशेपुढे, याजकापुढे, सगळ्या मंडळीपुढे उभ्या राहतात आणि म्हणतात, आमच्या बापाला मुलगा नव्हता म्हणून त्याचं नाव का पुसायचं? आम्हांला जमिनीत वाटा द्या. मोशेला उत्तर ठाऊक नसतं. तो देवाला विचारतो आणि देव सांगतो, मुली बरोबर बोलतात.

आमची वकील मैत्रीण कायदा सांगते. भारतातल्या ज्यूंना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे आणि मृत्युपत्र नसेल तर मुलगा-मुलगी दोघांना सारखा वाटा. झिराडबाईंची युनियन निघाली त्याच वर्षीचा कायदा. सलाफहादाच्या मुलींना भाऊ नसल्यामुळे मिळालं. आम्हांला भाऊ असतानाही मिळतं. तरी आमच्यातल्या तिघींनी रायगडातल्या वडिलोपार्जित जमिनीवरचं हक्कसोडपत्र सही करून दिलेलं आहे. सातबारावर भावांची नावं. ‘‘भांडण नको म्हणून दिलं,’’ परिचारिका म्हणाली. ‘‘त्या पाचजणी भांडल्या नाहीत,’’ कॉलेजातली मुलगी म्हणाली, ‘‘त्यांनी फक्त विचारलं.’’

यावर बराच वेळ बोलणं झालं. कुणी म्हणालं माहेर तुटतं, कुणी म्हणालं जमीन विकून भावानं फ्लॅट घेतला तेव्हा कुठे होतं माहेर. मी त्यांना पुढचं वाचायला सांगितलं, कारण गोष्ट पिनहासला संपत नाही. मासेए पाराशात त्याच कुळातले पुरुष मोशेकडे येतात, मुली दुसऱ्या वंशात लग्न करून गेल्या तर जमीन आमच्या वंशाबाहेर जाईल, अशी तक्रार करतात, आणि मुलींवर आपल्याच वंशात लग्न करण्याची अट येते. वाटा मिळाला, आणि मग त्याला कुंपण पडलं. वकील मैत्रीण म्हणाली, जमिनीचा पहिला निकाल आणि त्यावरचं पहिलं अपील दोन्ही इथेच आहे. मुलीला ते पटलं नाही. निकाल देवानं स्वतः दिला आणि अट तक्रारीनंतर आली, तेव्हा दोन्हींचं वजन सारखं कसं, असा तिचा प्रश्न आहे, आणि येत्या गुरुवारी ती त्यावर लिहून आणणार आहे.